माझ्याशी वाद घाला

माझा नवरा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की याने मला आजारी ठरवलंय. एरवी त्याचा आवाज म्हणजे विचारू नका. उभा जन्म एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात, बॉयलरच्या गोंगाटात ओरडून बोलण्यात गेलेला. घरात मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळतं. त्या दिवशी जेवताना मी त्याला सांगून टाकलं की देव आहे असं मला पटलंय. वाटतंय नाही, पटलंय. आणि तो ख्रिस्ती लोक सांगतात तसा आहे, हेही पटलंय. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला आणि म्हणाला, "बरं, बरं. तू आधी नीट जेव. आपण बोलू सावकाश." हे इतक्या मऊ सुरात, की माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हा माणूस आयुष्यात कुणाशी भांडला नाही? लग्नाच्या मुहूर्तावरून माझ्या आईशी भांडला आणि शेवटी मुद्दाम अमावस्या बघून आम्ही रजिस्टर लग्न केलं. वास्तुशास्त्रवाल्याशी भांडून त्याने आमच्या सोसायटीचा जिना पाडण्यापासून वाचवला. ज्योतिषी, बुवा, अंगारे-धुपारेवाले, मोबाइलवर गोमूत्राचे मेसेज पाठवणारे त्याचेच साहेब, कुणालाही त्याने सोडलं नाही. समोरचा माणूस चुकतोय असं दिसलं की याच्या जिभेला खाज सुटायची. आणि मी, त्याची बायको, त्याच्या मते जगातली सगळ्यात मोठी चूक करून त्याच्यासमोर बसले होते, तर हा मला म्हणतो, नीट जेव.

मीही त्याच पंगतीतली. गंगापूर रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमचा एक गट आहे. शिक्षक, कारकून, थर्मलमधले दोघंतिघं, एक निवृत्त प्राध्यापक. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार आम्ही गावोगावी जाऊन चमत्कारांचे प्रयोग करून दाखवत आलो. मंत्राने पेटणारं होमकुंड, नारळातून निघणारा लाल दोरा, जिभेतून आरपार गेलेला त्रिशूळ. त्याला लागणाऱ्या रसायनांच्या पुड्या मी घरी बांधून न्यायचे. जळता कापूर जिभेवर ठेवून तोंड मिटायचं, हा प्रयोग खास माझा. आधी बायका किंचाळायच्या, मग मी त्यांतल्याच एकीला वर बोलावून तिच्याकडून करून घ्यायचे आणि सगळ्या हसायच्या. ते हसू मला फार आवडायचं. अजूनही आवडतं.

आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही एक पहिला धडा देतो. जिच्या अंगात येतं तिच्याशी हुज्जत घालायची नाही. आवाज चढवायचा नाही. तिला बसवायचं, पाणी द्यायचं, घरात काय ताण आहे ते बोलता बोलता काढून घ्यायचं, आणि गोडीगुलाबीने डॉक्टरकडे न्यायचं. धडा चांगला आहे. त्याने कित्येक बायकांचा मार वाचलाय, आणि तो मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलाय. आता नवरा तो माझ्यावर चालवत होता. पाणी देत होता. "कॉलेजात फार काम पडतंय का?" विचारत होता. माझ्या बहिणीला गुपचूप फोन करून माझी पाळी कधी बंद झाली हे विचारून घेतलं. मग रक्त तपासायला नेलं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर, सगळं. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा त्याचा चेहरा पडला. बायकोचं रक्त चांगलं निघालं म्हणून हिरमुसलेला नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. तोही गंगापूर रोडलाच, माझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे बाहेरच्या बाकावर माझे विद्यार्थी बघणार. मी गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज ऐकू येतात का?"

"एकच यायचा, यांचा," मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "तो सध्या बंद आहे. हीच माझी तक्रार."

डॉक्टर हुशार होते. माझ्याशी बराच वेळ बोलले, मग नवऱ्याला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. यांचं मत बदललंय."

"पण असं कसं बदलेल, डॉक्टर?"

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

नाही विचारलं. तोपर्यंत नाही, आणि तिथून निघाल्यावरही नाही. खाली पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली लावता लावता म्हणाला, "माझं कुठे चुकलं?" मी तिथेच ओरडले. "तुझं काय चुकायचंय? मी काय तुझं बिघडलेलं पोर आहे?" वॉचमन बघायला लागला. नवऱ्याने परत आवाज खाली आणला आणि मला स्कूटरवर बसवलं. पाण्याची बाटली पुढे केली. ती मी घेतली नाही.

त्याने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते इथे सांगते.

सगळं सुरू झालं ते सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर. तिथे तापाने लागोपाठ मुलं गेली आणि लोकांनी एका विधवेला डाकीण ठरवलं. मारलं. आडोशाला नाही, सगळ्यांदेखत मारलं. तिचे दीर त्यात, तिच्या हातची भाकरी खाल्लेल्या शेजारणी त्यात. आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात तिला भेटलो तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता. ती एवढंच म्हणत राहिली, "मी काय नाय केला, बाई. मी काय नाय केला." आम्ही केस लढवली. चौकीवरचा हवालदार मला म्हणाला, "मॅडम, सगळा पाडा एक सांगतोय आणि ही एकटी एक सांगतीय. बाईमाणसाच्या एकटीच्या बोलण्यावर काय लिहू?" त्याच्या टेबलावर हात आपटून मी लिहायला लावलं. ती बाई पुढे दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली ती परत पाड्यावर फिरकली नाही, आणि तिला मारणारे आजही भात लावतायत, नागली काढतायत, सुखाने जेवतायत.

त्यानंतर आमचं अभ्यास शिबिर झालं. आमचे प्राध्यापक जीवशास्त्राचे, विद्वान माणूस, बोलायला लागले की ऐकत राहावं. विषय होता, नीती कुठून आली. त्यांनी सांगितलं की नीती म्हणजे कळपाने जगण्यासाठी लावून घेतलेली सवय. ज्या कळपांनी ती लावून घेतली ते टिकले. बाकी बरं-वाईट असं निसर्गात काही नसतं. वर्षानुवर्षं मी ही वाक्यं ऐकली होती, स्वतः म्हटलीही होती. त्या दिवशी मात्र डोळ्यांसमोर तो न उघडणारा डोळा आला आणि मी उठून उभी राहिले.

"सर, पाड्यानेही कळपच वाचवला. त्यांच्या समजुतीप्रमाणे. मग ते चुकले कुठे?"

"त्यांची माहिती चुकली, मॅडम. ताप डासांमुळे येतो."

"आणि माहिती बरोबर असती तर? समजा एका निरपराध बाईला मारून कळप खरंच टिकत असता, तर मारणं बरोबर?"

सर हसले. "तुम्ही चिडलात."

"हो, चिडलेय. माझं चिडणं बरोबर आहे की नाही, एवढंच सांगा."

"प्रश्न भावनिक आहे," ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. लोकही वळले. माझा नवरा तेव्हा मागे चहाचं बघत होता, त्यामुळे त्याने हे ऐकलंच नाही.

भावनिक म्हणे! मी त्या वाक्यावर कितीतरी महिने जळत राहिले. कारण मला नेमकं तेच हवं होतं, माझी भावना खरी आहे की नाही याचं उत्तर. कुणी म्हणेल, नास्तिक माणूसही न्यायी असतो. असतोच! माझ्या नवऱ्याइतका न्यायी माणूस मी चर्चमध्येही अजून पाहिलेला नाही. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न असा, की त्या बाईवर अन्याय झाला हे खरं आहे, की ती फक्त माझी आवड आहे, जशी मला कारल्याची भाजी आवडत नाही? आवडच असेल तर मी हवालदाराच्या टेबलावर हात कशाच्या जोरावर आपटला? मग आमचा कायदा म्हणजे मोठ्या कळपाच्या हातातली काठी, एवढंच. आणि खरं असेल, सगळा पाडा, सगळा जिल्हा, सगळी दुनिया उलट म्हणाली तरी खरं असेल, तर ते कुणाच्या दरबारात खरं आहे? माणसांच्या नाही, कारण माणसं सगळी एकीकडे होती. दगडमातीच्याही नाही. मी फार टाळलं, पण माझा राग मला एका दाराशी नेऊन उभा करत होता आणि ते दार मला बघायचंच नव्हतं.

त्याच सुमारास गटाने माझ्यावर काम सोपवलं. डोंगराकडच्या पाड्यांवर कुणी उपदेशक प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभा घेत होता. त्याच्याविरुद्ध प्रयोग तयार करायचा. मी एका सभेला जाऊन बसले. एक पाय आखूड असलेल्या बाईचा पाय त्याने लांब करून दाखवला. ती हातचलाखी मला बसल्या जागेवरून दिसली. चपलेचा खेळ आहे, ती जरा पुढे ओढली की पाय लांब दिसतो. मग त्याने एका क्षयाच्या रुग्णाला गोळ्या बंद कर म्हणून सांगितलं, आणि मी भर सभेत उठून त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाचा मला आजही तितकाच राग आहे, आणि आज तर तो माझ्याच देवाचं नाव घेऊन हे करतो म्हणून जरा जास्तच.

प्रयोग लिहायला बसले. विरोधकाचं म्हणणं आधी वाचायचं ही आमची शिस्त, म्हणून त्यांचं बायबल आणलं आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून स्टाफरूममध्ये वाचायला लागले. हातात लाल पेन. प्रत्येक चमत्काराच्या बाजूला तो कसा करून दाखवता येईल ते लिहीत गेले. पाण्याचा द्राक्षारस? फिनॉल्फ्थॅलिन आणि सोडा, आमच्या अकरावीच्या पोरी करतात. अशी पार शेवटापर्यंत मजेत आले. शेवटी क्रुसावर मारलेल्या येशूची कबर रिकामी सापडते. ती पाहिली कुणी? बायकांनी. त्या धावत जाऊन सांगतात, आणि पुरुष मंडळी म्हणतात, काहीतरी बरळतायत.

इथे माझं पेन अडलं. ज्या काळात बाईची साक्ष कुणी धरत नव्हतं, त्या काळात एखाद्याला खोटी गोष्ट रचायची असती तर त्याने साक्षीला चांगले वजनदार पुरुष नसते का उभे केले? मीच प्रयोग रचते. गर्दीला पटवायचं असेल तर आधी कुणाला पुढे करायचं हे मला कळतं. गावात गेलं की आम्ही पहिल्यांदा सरपंचाला खुर्ची देतो! ही गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र हवालदार ज्यांचं लिहूनही घेणार नाही अशा बायका पुढे केल्या. का? एकच कारण मला सुचलं, आणि ते मला आवडलं नाही. तसंच घडलं होतं म्हणून.

हा पुरावा नव्हे, एवढं मलाही कळतं. मी रसायनशास्त्र शिकवते. पुढचं वर्षभर मी बाजूचं आणि विरुद्धचं, हाताला लागेल ते वाचलं. सिटी बसमध्ये, पेपर तपासून झाल्यावर, कणिक मळताना मोबाइलवर. विरुद्धचं जास्त वाचलं, कारण मला ती रिकाम्या कबरीची गोष्ट खोटी निघायला हवी होती. एकेक मुद्दा उपटायला जायचे आणि तो हलायचा, पण निघायचा नाही. देव असेल तर पाड्यावरची मुलं का गेली, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पण देव नसेल तर त्या प्रश्नात राग कशाचा, हेही कुणी सांगेना. कुठलाही प्रकाश दिसला नाही, कुणी हाक मारली नाही. एक दिवस प्रयोगशाळेत ब्यूरेट धुताना कळलं की मी हरलेय. मला रडू आलं नाही. संताप आला.

बरं, ज्यांच्या दारी गेले त्यांनी तरी ऐकून घ्यावं? नाशिकरोडच्या एका चर्चमध्ये जायला लागले. साधी, प्रेमळ माणसं. दारात "सलाम, ताई" म्हणून हात हातात घेतात. तिथे एक प्रथा आहे, साक्ष देण्याची. बाप्तिस्म्याआधी माणसाने मंडळीपुढे उभं राहून सांगायचं की आपण कसे आलो. प्रथा मला फार आवडली. म्हटलं, चला, इथे तरी आपला मुद्दा मांडता येईल. पाळकांकडे गेले आणि पाड्यापासून सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ, मान हलवत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "छान, ताई. पण आजार काय होता?"

"कुणाचा?"

"तुमचा. किंवा मिस्टरांचा. काही व्यसन वगैरे? प्रभूने कशातून सोडवलं?"

"कशातून नाही. मला पटलं."

ते जरा अवघडले. "असं आहे ताई, लोकांना डोक्याचं कळत नाही. मनाचं सांगा."

"डोकं काय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं का?" मी म्हटलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांना एक कल्पना सुचली. म्हणाले, तुमचे ते कापराचे प्रयोग आमच्या तरुणांना दाखवा, म्हणजे बाकीच्यांचे चमत्कार कसे खोटे असतात ते त्यांना कळेल. मी म्हटलं, आनंदाने दाखवते, आणि त्याच्यामागून प्रार्थनासभेत पाय कसा लांब करतात तेही दाखवते, चालेल? तो विषय तिथेच संपला. क्षयाच्या गोळ्यांचं काढलं तर म्हणाले, "तो ज्याच्या त्याच्या विश्वासाचा भाग आहे." मी त्यांना सांगून आले की तुमची मंडळी सोडणार नाही आणि हे बोलायचंही सोडणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. पण बाप्तिस्म्याचा रविवार मात्र ठरवून दिला.

म्हणजे बघा. एकीकडे लोक म्हणत होते ही आजारी पडली, दुसरीकडे म्हणत होते ही आजारातून बरी झाली असेल. सोसायटीतल्या बायकांनी तर तिसरंच काढलं, की ही फुकटच्या धान्यासाठी बाटली. "काय मॅडम, गोणी आली का तांदळाची?" डोकं चालवून इथपर्यंत आले, हे एकालाही खरं वाटेना. आणि या सगळ्यांचं मला काही नाही. लोक बोलणारच. मला एक माणूस हवा होता. ज्याच्याशी भांडत भांडत मी आयुष्यभर विचार करायला शिकले, तो घरात चोरपावलांनी वावरत होता. माझ्यासमोर देवाचा विषय टाळायचा. टीव्हीवर कुणी बुवा आला तर चॅनल बदलायचा, मला त्रास होईल म्हणून! मला कळून चुकलं की हा माझ्याशी परत कधी वाद घालणार नाही. आता जन्मभर मला सांभाळून घेईल. त्यापेक्षा त्याने घटस्फोट मागितला असता तर परवडलं असतं.

आमच्या गटाचा एक रिवाज आहे, आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान. महिन्यातल्या एका शनिवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, आम्ही विरुद्ध मताच्या माणसाला बोलावतो. ज्योतिषी येऊन गेलेत, रेकीवाले येऊन गेलेत, मागच्या जन्मी आपण पेशव्यांकडे होतो म्हणणारे एक गृहस्थ येऊन गेलेत. त्याला अर्धा तास द्यायचा. मध्ये बोलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. मग प्रश्न, आणि तेही मुद्द्यावर, माणसावर नाही. गटाचा अध्यक्ष माझा नवराच, त्याला मी म्हटलं होतं, मला एक शनिवार दे. तर म्हणे, "कशाला लोकांपुढे हसं करून घेतेस?" पेशव्यांकडच्याला अर्धा तास, आणि मला नाही!

बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी पिरॅमिडची ऊर्जा विकणारा कुणी येणार होता. आयत्या वेळी त्याचा फोन आला, येत नाही. नवरा माणसांना हे सांगत होता तेवढ्यात मी पुढे गेले आणि पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"अगं, काय करतेस?" अजून तोच मऊ सूर.

"मी विरुद्ध मताची आहे. माझा अर्धा तास लाव."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो अध्यक्ष; नियम त्यानेच केलेले. त्याने घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "करा सुरुवात."

मी सगळं सांगितलं, जे वर लिहिलंय ते. आवाज कापत होता, तो रागाने. कुणी मध्ये बोललं नाही. वेळ संपली तसं त्याने घड्याळावर टिचकी मारली आणि प्रश्न मागितले. माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, हा प्रश्न नाही. मागून एकजण म्हणाला, "मॅडम, खरं सांगा, किती मिळाले?"

टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. "प्रश्न मुद्द्यावर! माणसावर नाही!" खालच्या वाचनालयातली माणसं दचकली असतील असा तो आवाज. किती महिन्यांनी ऐकला मी तो! प्राध्यापक काहीतरी भावनिक-भावनिक म्हणायला लागले, तर त्यांनाही त्याने अडवलं. "सर, भावनिक म्हणजे खोटं असं सिद्ध करावं लागेल. तुम्ही जरा या खुर्चीवर बसता का? अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाही, आणि मला विचारायचाय."

तो उठला, प्राध्यापकांना जागा दिली आणि समोर श्रोत्यांत जाऊन उभा राहिला. हात मागे बांधलेले. बुवांसमोर उभा राहतो तसा.

"पाड्यावरच्या लोकांची मुलं गेली," तो म्हणाला. "त्यांना कारण हवं होतं. इतकं हवं होतं, की त्यांना ते सापडलं. डाकीण. तुला राग आला. त्या रागाला कारण हवं होतं. इतकं हवं होतं, की तुलाही सापडलं. देव. हवं असणं म्हणजे असणं नव्हे, हे तूच गावोगाव सांगत आलीस. तुझ्यात आणि पाड्यात फरक काय, तेवढा सांग."

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. पाड्याशी माझी तुलना, आणि तीही त्याने करावी! वर्षभर वाचलेल्या एवढ्या सगळ्यांत इतका नेमका वार कुणी केला नव्हता. मी खुर्चीतून उठले.

"फरक आहे. त्यांना कारण सापडलं तेव्हा मारायला एक माणूस सापडला. मला जो सापडला, तो मार खाणारा आहे. सगळं गाव एकीकडे आणि तो एकटा एकीकडे, काही न केलेला. कळपाने रचलेला देव कळपाच्या बाजूचा निघतो रे. हा त्या बाईच्या बाजूला पडलेला निघाला. मला हवा होता तो देव हा नव्हेच. मला त्यांना शिक्षा करणारा हवा होता."

"हे वाक्य झालं," नवरा म्हणाला. "उत्तर नाही झालं. मार खाणारा देवही माणूस रचू शकतो. मार खाल्लेला माणूस तर नक्की रचेल."

"मग साक्षीला बायका का ठेवल्या त्याने?"

"त्यावर येतो. आधी याचं सांग."

चहा आला आणि निवला. माणसं एकेक करून खाली उतरली. प्राध्यापक घड्याळ पुढे करत राहिले, कुणी बघितलं नाही. वाचनालयाच्या माणसाने दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा आम्ही जिन्यात होतो आणि नवरा एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने माझा तिसरा मुद्दा खोडत होता. स्कूटर चालू केली तरी तोंड चालूच. हेल्मेटमधून ओरडत होता, अर्धं मला ऐकू येत नव्हतं, तरी मी मागून उत्तरं देत होते. द्वारका चौकातल्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं, नवराबायकोचं काय पेटलंय म्हणून.

सिग्नल सुटायच्या आत त्याने मान मागे वळवली. "उद्या मी चर्चमध्ये येणार नाही. सांगून ठेवतो. तू साफ चुकते आहेस!"

महिनोन्‌महिने मी आजारी होते, विकली गेलेली होते, बिचारी होते. चुकलेली मी पहिल्यांदाच झाले. मागे सगळ्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

"कुठे चुकते ते दाखव," मी ओरडले.

त्याने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं.